नाव, क्रमांक आणि घर

गावात माणसाची ओळख तीन गोष्टींनी पटते: त्याचे नाव, चावडीच्या दप्तरातील त्याची नोंद आणि त्याचे घर. जन्मभर एकाच गावी राहणाऱ्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी इतक्या एकजीव झालेल्या असतात की, त्या वेगवेगळ्या आहेत याची त्याला जाणीवही नसते. तो परगावी गेला म्हणजे मात्र त्या सुट्या होतात. नाव बरोबर येते, पण त्याच नावाची आणखी चार माणसे तेथे अगोदरच नांदत असतात. दप्तर तेथले निराळे. आणि घर तर मागेच राहिलेले असते.

संगणकाच्या जगात हाच प्रसंग रोज उद्भवतो. विद्यापीठात, रुग्णालयात, बँकेत किंवा सरकारी कचेरीत काम करणारा मनुष्य सकाळी एका यंत्रापुढे बसतो आणि दुपारी दुसऱ्या. दोन्ही यंत्रे एकाच संस्थेची असली, तरी ती एकाच जातीची असतील असे नाही. त्या माणसाची अपेक्षा मात्र साधी असते. कोठल्याही यंत्राला नाव व परवलीचा शब्द सांगावा, यंत्राने ओळख पटवून घ्यावी आणि कागदपत्र जसे ठेवले होते तसेच समोर यावेत. यंत्रात अशा रीतीने प्रवेश करण्याला लॉगिन म्हणतात आणि कागदपत्रांच्या त्या खासगी जागेला होम डिरेक्टरी म्हणतात. तिला सरळ 'घर' म्हटले तरी चालेल. अपेक्षा साधी खरी, परंतु ती पुरी करण्याची खटपट गेली साठ वर्षे चालू आहे. आणि त्या खटपटीचा इतिहास हा यंत्रांपेक्षा नोंदवह्यांचाच इतिहास अधिक आहे.

प्रारंभी हा प्रश्नच नव्हता. १९५०च्या दशकात संगणक एका वेळी एकाचेच काम करी. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवावा आणि छापून आलेले उत्तर घेऊन जावे, असा शिरस्ता होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एम.आय.टी., या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एक निराळी व्यवस्था चालवून दाखविली. अनेकांनी टंकयंत्रासारख्या साधनांपुढे बसून एकच मोठा संगणक वाटून वापरावयाचा, असे तिचे स्वरूप होते. वाटून वापरावयाचे म्हटल्यावर कोणाचे काय हे ठरविणे ओघानेच आले. प्रत्येकाच्या फायली निराळ्या ठेवाव्या लागल्या आणि त्या फायलींपुढे परवलीच्या शब्दाची कडी घालावी लागली. संगणकावरील पासवर्डचा आणि घराचा उगम येथे आहे.

ती कडी किती कच्ची होती याची प्रचीतीही तेथेच आली. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्यास येणारा यंत्राचा वेळ अपुरा पडत होता. १९६२ मध्ये त्याने सर्वांचे पासवर्ड असलेली फाइल छापून देण्याची मागणी पत्ते पाडून यंत्राकडे नोंदविली, आणि यंत्राने ती निमूटपणे पुरी केली. ही हकिगत पुढे बऱ्याच वर्षांनी त्यानेच सांगितली. १९६६ मधील दुसरा प्रसंग अधिक बोधप्रद आहे. संपादनाचा एक प्रोग्रॅम काम करताना एका ठरावीक नावाची तात्पुरती फाइल निर्माण करीत असे. एका घरात एका वेळी एकच मनुष्य काम करील, हे त्यात गृहीत धरलेले होते. पुढे व्यवस्थापकांनी सोयीसाठी एकाच घरात अनेकांना काम करण्याची मुभा घेतली. एके दिवशी एकजण सर्वांसाठीची सूचना लिहीत होता आणि दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करीत होता. दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी लॉगिन करी त्याच्यापुढे दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले. चोर कोणीच नव्हता. एका घरात दोघे एकाच हक्काने वावरत होते, एवढेच कारण पुरले.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या व्यवस्थेचा पाया घातला. आज जगातील बहुतेक मोठी यंत्रे तिच्याच कुळातील आहेत. युनिक्समध्ये प्रत्येक वापरणाऱ्याची एका ओळीची नोंद असते. त्या ओळीत सात रकाने असतात: नाव, परवलीचा शब्द, क्रमांक, गटाचा क्रमांक, काही टिपण, घराचा पत्ता आणि प्रवेश होताच सुरू करावयाच्या प्रोग्रॅमचे नाव. ही नोंदवही साधी आणि सुटसुटीत आहे; परंतु तिच्यातील तिसऱ्या रकान्यातच सगळ्या कथेचे मर्म आहे.

फाइल कोणाच्या मालकीची आहे हे युनिक्स नावाने लक्षात ठेवीत नाही, क्रमांकाने ठेवते. फायलींची यादी मागितली म्हणजे यंत्र प्रत्येक फायलीवरचा क्रमांक पाहते, तो क्रमांक नोंदवहीत शोधते आणि त्याच्यापुढील नाव छापते. वाचणाऱ्याला वाटते की फायलीवर नाव लिहिलेले आहे. वस्तुतः फायलीवर केवळ आकडा असतो. नोंदवही बदलली की त्याच फायलीवर दुसऱ्याच माणसाचे नाव दिसू लागते.

एकच यंत्र असेपर्यंत यात काही बिघडत नाही. दोन यंत्रे झाली की बिघडते. समजा, एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान विभागाने एक यंत्र घेतले आणि संख्याशास्त्र विभागाने दुसरे. दोघांनीही आपापल्या माणसांना ५०१, ५०२, ५०३ असे क्रमांक दिले. पहिल्या यंत्रावर ५०१ म्हणजे कुलकर्णी, दुसऱ्यावर ५०१ म्हणजे जोशी. पुढे दोन्ही यंत्रे तारेने जोडली आणि एकाच्या चकतीवरील घरे दुसऱ्यावर दिसण्याची सोय केली. त्या क्षणी जोशींना कुलकर्ण्यांचे सर्व कागद स्वतःचे म्हणून उघडता येतात आणि खुद्द कुलकर्णी स्वतःच्याच दारात परके ठरतात. यात कोणीही काही तोडलेले नाही, चोरलेले नाही. दोन वह्या परस्परांस न विचारता लिहिल्या गेल्या, एवढेच घडले.

नावांची गोष्टही फारशी निराळी नाही. जुन्या युनिक्सवर लॉगिनचे नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे ठेवीत नसत. कुलकर्णी हे आडनाव रोमन लिपीत बरोबर आठ अक्षरांत मावते. देशपांडे नऊ अक्षरांचे, तेव्हा त्यांना शेवटच्या अक्षरावर पाणी सोडावे लागे. शिवाय संस्थेत एकच कुलकर्णी असतात थोडेच! पहिले आले त्यांना पुरे आडनाव मिळे, मागून येणाऱ्यांना आद्याक्षरे जोडून काम भागवावे लागे. दुसऱ्या विभागात क्रम उलटा लागला तर तेच नाव तेथे दुसऱ्या कुलकर्ण्यांकडे जाई. त्यात आणखी भर म्हणजे युनिक्स मोठ्या व लहान रोमन अक्षरांत भेद मानते, तर विंडोज वापरणाऱ्यांच्या नावांत तो मानीत नाही. म्हणजे एका जगात जी दोन माणसे आहेत, ती दुसऱ्या जगात एकच ठरू शकतात.

या गोंधळावर सर्वसाधारणतः पहिला उपाय अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८०च्या दशकात प्रचारात आणला. तिच्या उपायाची दोन अंगे होती. एका अंगाने एका यंत्रावरील घरे जाळ्यातील सर्व यंत्रांना दिसू लागली. ही नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एन.एफ.एस. दुसऱ्या अंगाने सर्व यंत्रांनी आपापल्या वह्यांऐवजी एका मुख्य यंत्रावरील वहीला विचारावे अशी सोय झाली. तिला प्रथम 'यलो पेजेस' असे नाव होते. परंतु ब्रिटनमध्ये ते ब्रिटिश टेलिकॉम कंपनीचे व्यापारचिन्ह असल्यामुळे ते बदलून एन.आय.एस. असे ठेवावे लागले. मुख्य वहीच्या नकला दुय्यम यंत्रांवर ठेवल्या जात, म्हणजे मुख्य यंत्र बंद पडले तरी काम अडत नसे. एक वही, एक क्रमांक, एक घर हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आले आणि असंख्य संस्थांनी ते उचलले.

परंतु या व्यवस्थेला विश्वासाची एक मोठी भेग होती. घरे सांभाळणारे यंत्र विचारणाऱ्या यंत्राच्या शब्दावर विसंबून राही. "मी ५०१ बोलतो आहे" असे जाळ्यातून कळले की दार उघडे. विचारणाऱ्या यंत्राचा संपूर्ण ताबा ज्याच्याकडे आहे, तो मनाला येईल तो क्रमांक सांगू शकतो. सर्व यंत्रे कुलूपबंद खोलीत आणि विश्वासू माणसांच्या हाती होती तोवर हे खपून गेले. प्रत्येकाच्या मेजावर स्वतःचे यंत्र आल्यावर ते खपण्यासारखे राहिले नाही.

याच सुमारास एम.आय.टी.मध्ये या प्रश्नाला मुळापासून हात घालण्यात आला. १९८३ मध्ये तेथे 'प्रोजेक्ट अथीना' सुरू झाला आणि तो जून १९९१ पर्यंत चालला. डिजिटल इक्विपमेंट आणि आय.बी.एम. या दोन कंपन्यांनी त्यासाठी यंत्रे पुरविली. दोन कंपन्या म्हणजे दोन जातींची यंत्रे, हे ओघानेच आले. विद्यार्थ्याने आवारातील कोठल्याही यंत्रापुढे बसावे आणि ते त्याचेच यंत्र व्हावे. तो उठून गेला की दुसऱ्याचे व्हावे, असा संकल्प होता. यंत्रे सार्वजनिक खोल्यांत असावयाची, म्हणून ती विश्वासाची नव्हेत हे चालकांनी आरंभीच मान्य केले. हाच त्यांच्या विचारातील मोलाचा भाग होय. ज्या यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही त्यावर बसलेल्या माणसावर मात्र विश्वास कसा ठेवावयाचा, हा प्रश्न त्यांनी सोडविला.

त्यासाठी त्यांनी दोन कामे एकमेकांपासून वेगळी केली. हा मनुष्य कोण आहे, हे एका ठिकाणी ठरवावयाचे. त्याचे घर कोठे आहे, हे दुसऱ्या ठिकाणी विचारावयाचे. पहिल्या कामासाठी 'कर्बेरॉस' निर्माण झाला. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरील तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव. ऋग्वेदात यमलोकाच्या वाटेवर राखण करणारे चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेत. त्यांचाच हा दूरचा भाऊबंद म्हणावयास हरकत नाही. या पहारेकऱ्याची कार्यपद्धती विलक्षण आहे. विद्यार्थी यंत्राला नाव सांगतो. यंत्र पहारेकऱ्याकडे त्या नावाची चिठ्ठी मागते. पहारेकरी कसलीही चौकशी न करता चिठ्ठी देतो. पण ती त्या विद्यार्थ्याच्या परवलीच्या शब्दापासून बनविलेल्या किल्लीने बंद केलेली असते. विद्यार्थ्याने खरा शब्द टंकिला तर ती उघडते, नाही तर तो निरर्थक कागद ठरतो. परवलीचा शब्द जाळ्यातून प्रवास करीतच नाही, म्हणून वाटेत टपून बसलेल्याच्या हाती तो लागत नाही. एकदा उघडलेली चिठ्ठी दाखवून विद्यार्थी निरनिराळ्या दारांसाठी निरनिराळ्या चिठ्ठ्या मिळवितो. प्रत्येक चिठ्ठीला मुदत असते, आणि म्हणून सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. साधारणतः पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की पहारेकरी दार उघडीत नाही.

दुसरे काम 'हेसिअड' या व्यवस्थेकडे होते. तिला नाव सांगितले की ती क्रमांक आणि घराचा पत्ता सांगे. यंत्र त्या पत्त्यावरील घर आणून जोडी, आपल्या नोंदवहीत त्या विद्यार्थ्यापुरती एक तात्पुरती ओळ लिही, आणि तो निघून गेला की ती पुसून टाकी. धर्मशाळेच्या वहीत पाहुण्याचे नाव जसे मुक्कामापुरते चढते, तसाच हा प्रकार. यंत्र कोणाचेच नाही, म्हणूनच ते सर्वांचे, ही कल्पना येथे सिद्ध झाली.

घरांच्या बाबतीत मात्र अधिक दूरवरचा विचार पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला. अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन या दोघांच्या स्मरणार्थ तेथील प्रकल्पाला 'अँड्र्यू' असे नाव देण्यात आले. त्याच्या फाइल व्यवस्थेच्या रचनेत महादेव सत्यनारायणन यांचा प्रमुख वाटा होता. त्यांचे शिक्षण मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये झालेले. या व्यवस्थेत घराचा पत्ता सर्व यंत्रांवरून अगदी एकच दिसे. घर प्रत्यक्षात कोणत्या चकतीवर आहे याच्याशी वापरणाऱ्याला कर्तव्य नसे. एक चकती भरत आली तर चालक ते घर दुसऱ्या यंत्रावर हलवीत, आणि आत बसलेल्याला त्याची वार्ताही लागत नसे. कोणाला आत यावयाची मुभा आहे याची यादी ज्या त्या दालनावर टांगलेली असे.

निरनिराळ्या जातींच्या यंत्रांची एक अडचण याच ठिकाणी नीट उमगली. पत्र, निबंध, आकडेवारी ही कोणत्याही यंत्रावर वाचता येते. परंतु एका जातीच्या यंत्रासाठी सिद्ध केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या यंत्रावर चालत नाही. घर एकच, पण त्यातली चूल मात्र प्रत्येक गावच्या सरपणाप्रमाणे निराळी, अशी ही स्थिती. अँड्र्यूच्या व्यवस्थेने यावर सुबक तोड काढली. पत्त्यामध्ये एक विशिष्ट खूण ठेवावयाची. यंत्र ती वाचताना तिच्या जागी आपल्या जातीचे नाव घालते. मग एकाच पत्त्यावर विचारले तरी प्रत्येक यंत्र आपापल्या कोठीत जाते. जेथे अशी खूण नाही तेथे आजही हेच तत्त्व हाताने पाळावे लागते: कागदपत्र समाईक ठेवावेत, प्रोग्रॅम व त्यांची मांडणी यंत्राच्या जातीनुसार वेगळी ठेवावी. हे पथ्य न पाळल्यास एका यंत्रावर सुखाने चालणारा मनुष्य दुसऱ्या यंत्रावर उंबरठ्यातच अडखळतो.

१९९३ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज एन.टी. ही व्यवस्था बाजारात आली आणि कचेऱ्यांतून दुसरे एक जग उभे राहिले. तेथे माणसाची ओळख लहान आकड्याने नव्हे, तर एका लांबलचक क्रमांकमालेने होते. एका क्षेत्रात एकदा दिलेली अशी माला तेथे पुन्हा दुसऱ्या कोणाला दिली जात नाही, हा तिचा मोठा गुण. घराच्या बाबतीत मात्र तेथे निराळी चाल पडली. लॉगिन करताना घरातील सामान मेजावरील यंत्रात उतरवून घ्यावयाचे आणि निघताना परत नेऊन ठेवावयाचे. एकाच वेळी दोन यंत्रांवर बसणाऱ्याला ही चाल भोवते. दोन्हीकडचे सामान परत येते, आणि मागून आलेले अगोदरच्यावर ठेवले जाते.

ही दोन जगे जोडण्याचा मार्ग दोन्ही बाजूंनी निघाला. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस सुरू केलेल्या आणि पुढे 'सांबा' या नावाने प्रसिद्ध झालेल्या कामामुळे युनिक्सवरील घरे विंडोजच्या यंत्रांना दिसू लागली. मिशिगन विद्यापीठात १९९३च्या सुमारास एल्डॅप ही नोंदवहीला प्रश्न विचारण्याची सुटसुटीत भाषा तयार झाली. २००० साली मायक्रोसॉफ्टने जी सामाईक नोंदवही आणली, तिने ओळख पटविण्यासाठी एम.आय.टी.चा कर्बेरॉस आणि प्रश्न विचारण्यासाठी मिशिगनची भाषा स्वीकारली. दोन परक्या घराण्यांनी एकच पहारेकरी आणि एकच भाषा मान्य केली, ही मोठीच सोय झाली.

तथापि जुना प्रश्न येथेही पुन्हा डोके वर काढतोच. विंडोजची लांब माला युनिक्सच्या लहान क्रमांकात उतरवावयाची कशी? प्रत्येक युनिक्स यंत्राने जो मनुष्य प्रथम येईल त्याला पहिला क्रमांक आणि नंतर येईल त्याला दुसरा, असे क्रमाने द्यावयाचे ठरविले, तर दोन यंत्रांवर माणसे ज्या क्रमाने आली तो क्रम निराळा असणारच. एका यंत्रावरील जोशी दुसऱ्यावर पुन्हा कुलकर्णी होतात. म्हणून हा क्रमांक एकतर मालेतील शेवटच्या आकड्यापासून ठरीव गणिताने काढावा लागतो, किंवा मुख्य वहीत स्वतंत्र रकाना ठेवून कायमचा लिहून ठेवावा लागतो. येणाऱ्याच्या क्रमावर सोडून चालत नाही.

ज्या संस्थेत वह्या अगोदरच वेगवेगळ्या लिहिल्या गेल्या आहेत, तिला त्या एक करावयाच्या झाल्यास फार सावधपणे पावले टाकावी लागतात. प्रथम सर्व यंत्रांवरील सर्व नावांची व क्रमांकांची एकच यादी करावयाची. एकच मनुष्य दोन नावांनी कोठे वावरतो आणि एकाच नावामागे दोन माणसे कोठे आहेत, हे माणसांना विचारूनच ठरवावयाचे. ते यंत्राला कळत नाही. नंतर नवे क्रमांक द्यावयाचे, आणि ते जुन्या दोन्ही वह्यांत कधीही न वापरलेल्या पल्ल्यातील असावेत. या दंडकामागे मोठे कारण आहे. समजा, ५०१ या क्रमांकाच्या सर्व फायली ५०२ करावयाच्या आहेत आणि ५०२च्या ५०३. पहिले काम आधी केले, तर कुलकर्णी आणि जोशी या दोघांच्याही फायली ५०२ होऊन बसतात, आणि दुसरे काम होताच त्या सगळ्या ५०३च्या नावावर जातात. कोणती फाइल मूळची कोणाची हे सांगणारे चिन्ह मग फायलींवर उरत नाही. दोन पोती धान्य एकत्र ओतल्यावर दाणे पुन्हा निवडता येत नाहीत, तसे हे आहे. नवा पल्ला घेतला म्हणजे हा धोका टळतो. जुन्या फायलींची नक्कल काढून ठेवल्याशिवाय आणि सर्वजण यंत्राबाहेर असल्याची खात्री केल्याशिवाय हे काम हाती घेऊच नये.

नोंद करण्याइतकीच नोंद बंद करण्याचीही शिस्त लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी ढिली असते. मनुष्य नोकरी सोडून जातो. त्याच्या निरोपसमारंभाची आठवण सर्वांना राहते, त्याच्या लॉगिनची कोणालाच राहत नाही. ते दार महिनोन्महिने उघडे राहते. उलट कोणी उत्साहाने ती ओळ पुसून टाकली, तर त्याच्या फायली निपुत्रिकाच्या इस्टेटीसारख्या मागे राहतात. यादीत त्यांच्यापुढे नावाऐवजी उघडा आकडा दिसतो. काही दिवसांनी नवा मनुष्य येतो, मोकळा दिसलेला तोच आकडा त्याला मिळतो, आणि पहिल्याच दिवशी तो कोणा अनोळखी माणसाची पत्रे, पगाराचे हिशेब किंवा रुग्णांचे कागद यांचा मालक होतो. यास्तव शहाणे व्यवस्थापक ओळ पुसत नाहीत. ते दार बंद करतात, घर योग्य त्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करतात आणि तो क्रमांक पुन्हा कोणालाही देत नाहीत. क्रमांकांना तोटा नाही. जुन्या युनिक्समध्येही ते ६५,५३५ पर्यंत जात. आता चार अब्जांच्या पलीकडे जातात.

सर्व काही एका ठिकाणी आणण्यात एक उघड धोका असतो, तोही विसरता येत नाही. एक वही म्हणजे एक नाडी. ती बंद पडली की संस्थेतील एकही दार उघडत नाही. घरे सांभाळणारे यंत्र थांबले, तर परवलीचा शब्द खरा असूनही लॉगिन अर्ध्यात लोंबकळत राहते, कारण यंत्र घराची वाट पाहत असते. म्हणूनच युनिक्समध्ये मुख्य चालकाचे घर इतरांबरोबर ठेवीत नाहीत. ते त्या त्या यंत्राच्या स्वतःच्या चकतीवर ठेवतात. आग विझविणाऱ्याचे सामान जळत्या घरात असून भागत नाही. चिठ्ठीच्या मुदतीचाही एक परिणाम ध्यानात ठेवावा लागतो. संध्याकाळी लांबलचक गणित लावून घरी गेलेल्या संशोधकाची चिठ्ठी मध्यरात्री संपते, आणि गणित पुरे होऊनही उत्तर त्याच्या घरात लिहिले जात नाही. अशा कामांसाठी चिठ्ठीचे नूतनीकरण करण्याची तजवीज आधीच करावी लागते.

अलीकडच्या काळात विचाराचा ओघ क्रमांकाकडून पुन्हा नावाकडे वळला आहे. एन.एफ.एस.च्या चौथ्या आवृत्तीत मालकाचा नुसता आकडा जाळ्यातून न पाठविता नाव आणि क्षेत्र अशी जोडी पाठविण्याची पद्धत आली, आणि तिच्याबरोबर कर्बेरॉसची ओळखही सक्तीने मागता येऊ लागली. २०२० मध्ये लिनक्स या युनिक्सच्या वंशजावर आणखी एक कल्पना प्रत्यक्षात आली. तीत माणसाची नोंद घरातच ठेवतात आणि ते घर कुलूपबंद पेटीसारखे एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येते. नव्या यंत्रावर क्रमांक निराळा मिळाला, तर आतील फायलींवरचा क्रमांक त्याप्रमाणे बदलला जातो. माणसाने क्रमांकाच्या मागे जाण्याऐवजी क्रमांकाने माणसाच्या मागे यावे, हा त्यातील आशय.

साठ वर्षांच्या या वाटचालीत जी जी व्यवस्था टिकली, तिने एक गोष्ट कटाक्षाने पाळलेली आढळते. हा मनुष्य कोण, त्याचे घर कोठे, आणि त्याला कोठे जाण्याची मुभा आहे, हे तीन प्रश्न तिने एकमेकांत मिसळू दिले नाहीत. आणि प्रत्येकाचे उत्तर देणारी वही एकच ठेवली. जेथे एका प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरले गेले, तेथे जोशींच्या हाती कुलकर्ण्यांचे कागद गेले. यंत्राच्या ठिकाणी ना ओळख असते, ना भीड. वहीत जे लिहिले असेल तेच त्याला सत्य. म्हणून अशा वहीचा कारभार ज्याच्या हाती असतो, त्याचे काम वरवर कारकुनी दिसले तरी ते तसे नसते. कोणाच्या कष्टाचे फळ कोणाच्या नावावर राहील, हे त्याच्या एका आकड्यावर अवलंबून असते.